वरून आलेला माणूस

कराडच्या बसस्टँडपासून थोडं आत, एका झेरॉक्सच्या दुकानाखाली तळघरात सायबर कॅफे होता. आठ मशीन, त्यातली सहा चालू. तासाला पंधरा रुपये. पाच जण एकदम आलो तर मालक वीसेक मिनिटं जास्तीची द्यायचा. आम्ही तिथे फक्त काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळायला जायचो. त्यातल्या डस्ट-टू या मॅपच्या पिवळट गल्ल्या मला अजून आमच्या आळीपेक्षा जास्त पाठ आहेत.

२००५चा पावसाळा. कृष्णा आणि कोयना दोन्ही दुथडी भरलेल्या, कॉलेजला सुट्टी, आणि पोरं कोणीच आलेली नाहीत. एकट्याने काउंटर-स्ट्राइक खेळण्यात काही अर्थ नसतो. कॅफेवर बसणाऱ्या दादाने माझं तोंड बघितलं आणि माऊस हातात घेतला. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टी उघडली, ‘एचएल डॉट ईएक्सई’च्या पुढची शेपटी खोडली आणि एंटर दाबला. वेगळाच पडदा उघडला. “हा बाप आहे,” तो म्हणाला. “काउंटर-स्ट्राइक याच्या पोटातून आलाय.”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. काउंटर-स्ट्राइक हा हाफ-लाइफ या गेमचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेला दुसरा गेम. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफच्या इंजिनावर तो उभा केला आणि पुढच्या वर्षी हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेतला. आम्ही वर्षभर ज्या घराच्या अंगणात खेळत होतो, त्या घराच्या आत काय आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आत एक रेल्वेगाडी होती. म्हणजे छतावरून टांगलेली ट्राम, आणि तीतून ब्लॅक मेसा नावाच्या भूमिगत प्रयोगशाळेत कामावर निघालेला गॉर्डन फ्रीमन. वय सत्तावीस, एमआयटीचा भौतिकशास्त्राचा डॉक्टरेट, तोंडातून एक शब्द न काढणारा. तो म्हणजे आपणच. कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर एका बंद खोलीच्या काचेपलीकडे सुटातला एक माणूस एका शास्त्रज्ञाशी वाद घालताना दिसतो. हातात ब्रीफकेस. कपाळ मोठं, गाल बसलेले, चेहरा असा की वय सांगता येऊ नये. काय बोलणं चाललंय ते कळत नाही. मी काचेसमोर उभा राहिलो, दार उघडायचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. दार उघडत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आपलं बोलणं सुरू केलं.

थोड्याच वेळात प्रयोग फसतो, दोन जगांमधली भिंत फाटते, आणि पुढचे कित्येक तास आपण एका लोखंडी पहारीने वाट काढत राहतो. त्या सगळ्या पडझडीत तो माणूस अधूनमधून दिसतो. उंचावरच्या एखाद्या गॅलरीत, बंद दाराच्या पलीकडे, कधी टायची गाठ नीट करत. त्याला धक्का लागत नाही, तो धावत नाही. आपण त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो गेलेला असतो.

मी त्या दिवशी सहा तास बसलो. नव्वद रुपये झाले. दादाने पन्नासच घेतले.

या माणसाला सगळे जी-मॅन म्हणतात. हाफ-लाइफमध्ये किंवा हाफ-लाइफ २मध्ये हे नाव कोणी तोंडाने घेत नाही. गेमच्या फोल्डरमध्ये त्याच्या मॉडेलची जी फाइल आहे तिचं नाव ‘जीमॅन’, तेच चिकटलं. अमेरिकेत सरकारी माणसाला, त्यातही केंद्राच्या तपास अधिकाऱ्याला जी-मॅन म्हणायची जुनी पद्धत आहे. म्हणजे ज्याच्याबद्दल वीस-पंचवीस वर्षं जगभरातले लोक डोकं खाजवत आहेत, त्याचं बारसंसुद्धा एका कपाटातल्या फाइलीवरून झालंय. मला ही गोष्ट फार आवडते.

१९ नोव्हेंबर १९९८ला पहिला हाफ-लाइफ आला. त्याच्या शेवटी हा माणूस पहिल्यांदा आपल्याशी बोलतो. सांगतो की, तुमच्या नावाची शिफारस मी माझ्या मालकांकडे केली आहे, त्यांनी मला तुम्हाला नोकरी देऊ करायचा अधिकार दिला आहे. समोर एक दरवाजा. आत गेलात तर नोकरी, नाही तर जिंकणं शक्यच नाही अशी लढाई. १६ नोव्हेंबर २००४ला दुसरा भाग आला तेव्हा कळलं की फ्रीमन दरवाजातून गेला होता आणि मधली बरीच वर्षं त्याला कुठेतरी गोठवून ठेवलेलं होतं. आता कंबाईन नावाच्या परक्या साम्राज्याने पृथ्वी गिळलेली आहे, आणि हा सुटातला माणूस त्याला उठवतो. चुकीच्या जागी पोहोचलेला योग्य माणूस साऱ्या जगात फरक पाडू शकतो, असं काहीसं म्हणतो, आणि सिटी १७ला जाणाऱ्या आगगाडीत सोडून देतो. कशासाठी, ते सांगत नाही. शेवटी पुन्हा येतो, काळ थांबवतो, म्हणतो की तुमच्या सेवेसाठी काही चांगले देकार आले आहेत, आणि निवडीचा आभास तुम्हाला दिला असता, पण तुमच्या वतीने मीच निवड करतो. मग अंधारात एक उजेडाचं दार उघडून निघून जातो.

त्याचं बोलणं एकदा ऐकलं की विसरत नाही. श्वास वाक्याच्या मध्येच घेतो. जोर भलत्या शब्दावर देतो. शेवटचं अक्षर लांबवतो. बोलणं शिकून आलेला, पण दम कुठे घ्यायचा हे कोणी न सांगितलेला कोणीतरी. आवाज मायकेल शापिरो या नटाचा. याच नटाने बार्नी नावाच्या सुरक्षारक्षकालाही आवाज दिलाय, तो गॉर्डनचा जिवाभावाचा मित्र, बिअर पाजायचं कबूल केलेला. एकाच गळ्यातून दोघं आलेत हे कळल्यावर मी दोघांची वाक्यं लागोपाठ लावून ऐकली होती. तरी पटेना.

आता तर्कांचं. कॅफेच्या जिन्यावर बसून आम्ही जे तर्क लढवायचो, तेच थोड्याफार फरकाने जगभर लढवले गेले आहेत हे मला पुढे कळलं.

सगळ्यात लाडका तर्क असा की जी-मॅन म्हणजे म्हातारा झालेला गॉर्डन स्वतःच. जी म्हणजे गॉर्डन. काळाच्या बाहेर पडलेला, भविष्यातून मागे येऊन स्वतःलाच कामाला लावणारा. वय कोवळं असताना हा तर्क अंगावर काटा आणतो. मला तो आता पोकळ वाटतो. त्याने कोडं सुटत नाही, फक्त आरशात ढकललं जातं. म्हातारा गॉर्डन असला, तरी तो ज्यांना ‘माझे मालक’ म्हणतो ते कोण, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

दुसरा तर्क, तो कंबाईनचा दलाल आहे. ब्लॅक मेसाचा तो सत्यानाशी प्रयोग ज्या स्फटिकाने झाला तो त्यानेच आणून दिला होता, हे १० ऑक्टोबर २००७ला आलेल्या एपिसोड टू या दुसऱ्या भागाच्या जोडभागात एलाय व्हान्स हा जुना शास्त्रज्ञ सांगतो. भिंत याने फाडली, त्या फटीतून कंबाईन आले, म्हणजे हा त्यांचाच. सरळ हिशोब. पण मग याच माणसाने गॉर्डनला उठवून कंबाईनच्या बालेकिल्ल्यात का सोडलं? माझा एक मित्र म्हणायचा की मालक बदलला असेल. आमच्याकडे पंचायत समितीच्या निवडणुका बघून मोठा झालेला मुलगा होता तो, त्याला यात काहीच नवल वाटत नव्हतं.

तिसरा तर्क, की कंबाईनने संपवलेल्या एखाद्या जमातीतला हा शेवटचा, सूड उगवतोय. चौथा थोडा हुशार आहे: जी-मॅन म्हणजे गेम बनवणारे स्वतःच. गेम संपला की तो गॉर्डनला गोठवतो, पुढचा आला की उठवतो. आपल्याला वाटतं आपण निवडतोय, प्रत्यक्षात रूळ आधीच टाकलेले. एपिसोड टूनंतर बारा वर्षांहून जास्त काळ पुढचा हाफ-लाइफ आला नाही तेव्हा या तर्काला वेगळीच धार चढली, कारण आम्ही सगळेच त्या अंधारात गोठून पडलो होतो. तरी या तर्काचा मला राग आहे. त्याने सगळ्याचं उत्तर मिळतं, आणि मग त्या माणसाकडे बघायची गरजच उरत नाही. चेहरा, श्वास, काचेपलीकडचा वाद, सगळं प्रतीक होऊन बसतं.

या सगळ्या तर्कांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो मराठीत जितका नेमका विचारता येतो तितका दुसरीकडे क्वचितच येत असेल. हा कोणाचा माणूस?

आपल्याकडे हा प्रश्न किती सहज येतो. नवा तलाठी आला, कोणाचा माणूस. कारखान्यावर नवा शेतकी अधिकारी, कोणाचा माणूस. आणि कागद आला की तो नेहमी ‘वरून’ आलेला असतो. वर कोण, किती पायऱ्या वर, हे कोणी विचारत नाही. वरून आलंय म्हटलं की बोलणं संपतं. जी-मॅन जेव्हा ‘माझे मालक’ म्हणतो तेव्हा मला इंग्रजी शब्द ऐकू येतच नाही. मला ‘वरून’ ऐकू येतं.

याला कारण आमचे अण्णा.

अण्णा एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडे भूसंपादनाच्या फाइली होत्या. कालवा, पाझर तलाव, रस्ता, काहीही निघालं की आधी कलम ४ची अधिसूचना, मग हरकती, मग मोजणी, मग कलम ९ची नोटीस, मग निवाडा. १८९४चा कायदा होता तेव्हा, इंग्रजांच्या काळातला. नोटिसा गावोगाव जाऊन बजावाव्या लागत. शिपाई रजेवर असला की अण्णा स्वतः जायचे. तपकिरी रेक्झिनची बॅग, तिची एक कडी तुटलेली, म्हणून सुतळी बांधलेली.

१९९९च्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर एका गावी गेलो होतो. अकरा वर्षांचा होतो. वाटेवर आजोळ होतं, तिथे मला सोडायचं होतं, आणि मधल्या गावात त्यांचं काम. एम-एटीवर मी मागे, बॅग माझ्या मांडीवर.

गावात शिरल्याबरोबर काय झालं ते मला नीट आठवतं. पारावरची माणसं बोलायची थांबली. एकाने बॅगेकडे बघितलं. मी त्या बॅगेला हात लावून बसलो होतो आणि पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्या हातात काहीतरी वाईट आहे.

कालवा ज्या रानातून जाणार होता त्यातलं एक रान एका म्हातारीचं होतं. नोटीस घ्यायला ती तयार नव्हती. नोटीस घेतली नाही तर दोन पंचांसमोर दारावर डकवावी लागते, आणि ते अण्णांना करायचं नव्हतं असं मला आज वाटतं, कारण ते उगाच वेळ काढत होते. पाणी मागितलं, पाऊसपाण्याचं विचारलं. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. तिने त्यांना विचारलं, “तू कुनाचा मानूस हायस, बाबा? सरकारचा, का आमचा?”

अण्णा काही बोलले नाहीत. एवढं आठवतं. माझे अण्णा, जे घरी कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचे, ते बॅगेच्या सुतळीची गाठ सोडत राहिले.

नंतर ते तिच्या मुलाबरोबर बांधाकडे गेले. बराच वेळ झाला. मी ओट्यावर कंटाळून बसलो. त्या घरातल्या कोणी मला गूळ-शेंगदाणे दिले, ते मी खाल्ले नाहीत. का, ते मला सांगता येत नाही. लांबून मला दिसत होतं की अण्णा त्या माणसाला बोट दाखवून काहीतरी सांगत आहेत, तो मान हलवतोय. त्यांचं बोलणं कळत नव्हतं.

सहा वर्षांनी तळघरात त्या काचेसमोर उभा राहिलो तेव्हा मला हे लगेच आठवलं असं मी म्हणणार नाही. नाही आठवलं. ते पुढे केव्हातरी जोडलं गेलं. पण जोडलं गेल्यावर मी जी-मॅनकडे वेगळ्या बाजूने बघायला लागलो. सगळे तर्क पारावरच्या माणसांचे आहेत. गावात बॅग घेऊन आलेला माणूस बघितला की गावाला तो आणि वरचे एकच वाटतात, आणि गावाचं त्यात काही चुकत नाही. मी मात्र बॅगेच्या बाजूने बसलेलो होतो. मला ठाऊक होतं की हा माणूस घरी जाऊन जेवतो, त्याची पाठ दुखते, आणि साहेबांचा फोन आला की तो उभा राहून बोलतो.

म्हणून मी दुसरंच शोधायला लागलो. या माणसाला काय हवंय याचं एकसंध उत्तर गेममध्ये नाही. ते शोधायचं तर त्याचं जिथे वरच्यांशी पटत नाही त्या जागा शोधायच्या. अशा जागा आहेत, आणि त्या ओळीने लावल्या की माझ्या पोटात अजून कालवाकालव होते.

पहिली जागा ऑपोझिंग फोर्समध्ये. हा १९९९चा जोडभाग, गिअरबॉक्स या दुसऱ्याच स्टुडिओने केलेला, त्यामुळे तो मूळ कथेत धरायचा की नाही यावर आजही वाद आहेत. मी धरतो. यात आपण एड्रियन शेफर्ड नावाचा सैनिक असतो. जी-मॅन एका ठिकाणी त्याच्यासाठी दार उघडतो आणि जीव वाचवतो. दुसऱ्या ठिकाणी सुटकेचं विमान समोर असताना दार बंद करतो. आणि शेवटी त्याला सांगतो की, तुझी तगून राहायची ताकद बघून मला माझीच आठवण येते, म्हणून तुला जिवंत ठेवावं असा आग्रह मी धरला. माझ्या मालकांचा तेवढा विश्वास नाही, तेव्हा तुला अशा ठिकाणी ठेवतोय जिथे तू कोणाचं वाईट करू शकत नाहीस आणि तुझंही कोणी करू शकत नाही. तो शेफर्डला सरकारी नोकर म्हणतो. स्वतःच्या जातीतला कोणी भेटल्यासारखं.

आग्रह धरला. म्हणजे वर कोणीतरी नको म्हणत होतं. फाइलवर टिपणी लिहिली गेली, ती परत आली, पुन्हा पाठवली. सुटका मिळाली नाही, पण जीव वाचला. कचेरीत काम केलेल्या कोणालाही ही तडजोड ओळखू येईल.

दुसरी जागा २००६च्या एपिसोड वनच्या सुरुवातीला. तो नेहमीप्रमाणे अंधारातून येतो, आणि पहिल्यांदाच त्याला कोणीतरी अडवतं. व्होर्टिगॉन्ट हे परक्या जगातले, पिढ्यान् पिढ्या गुलामीत राहून सुटलेले जीव, ते गॉर्डनला त्याच्या हातून काढून नेतात. त्याच्या चेहऱ्यावर राग येतो. खराखुरा, न झाकता आलेला. बघून घेऊ, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. देवाला कोणी अडवत नाही, आणि सैतानाला अडवलं तर तो हसतो. रागावतो तो ज्याला आता वर जाऊन उत्तर द्यायचंय.

तिसरी एपिसोड टूमध्ये, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ॲलिक्स, एलायची मुलगी, जखमी होऊन निपचित पडली आहे. जी-मॅन गॉर्डनला सांगतो की ब्लॅक मेसातून या मुलीला मी बाहेर काढलं तेव्हा माझ्यावर आक्षेप घेतले गेले. एक लहान पोर, कोणाच्या काही कामाची नाही, असं म्हणाले. मी ऐकलं नाही. आणि मग म्हणतो, तुमच्यावर नजर ठेवण्यापलीकडे मला काही करता आलं असतं तर बरं झालं असतं, पण काही बंधनं पाळायचं मी कबूल केलंय.

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. बंधनं पाळायचं कबूल केलंय. तर्क लढवणारे यातल्या ‘बंधनं’ या शब्दाच्या मागे लागतात: कोणी घातली, कोणती. मी त्या पोरीपाशी थांबतो. प्रयोगशाळा कोसळते आहे, शेकडो माणसं मरताहेत, ज्याच्यामुळे मरताहेत तो हाच आहे, आणि त्या सगळ्यातून हा एका लहान मुलीला उचलून बाहेर नेतो. वरून सांगितलेलं नसताना.

ती पुढे कामाला येणार होती म्हणून नेलं, असं म्हणणारे आहेत, आणि पुढे ती कामाला आली हे खरंच. पण तिच्या बापाशी तो कसा वागला तेही बघा. त्या सकाळी, प्रयोगाच्या आधी, त्याने एलायच्या कानात सांगितलं होतं: न कल्पिलेल्या परिणामांसाठी तयार राहा. पहिल्या हाफ-लाइफमधल्या तिसऱ्या प्रकरणाचं नावही तेच आहे. ही धमकी होती असं एलायला वाटलं असेलही. तसं वाटणं साहजिक आहे, त्याची बायको त्यात गेली. पण ज्याला स्फटिक पोचवायचाच आहे त्याने आधी कानात काही सांगायची काय गरज? मला त्यात ताकीद दिसते. एवढीच देता आली. काम थांबवायचा अधिकार नव्हता, सांगायचाही नसावा, आणि तरी तो वाकून कानाशी गेला.

मी त्याला निर्दोष ठरवत नाहीये. स्फटिक त्याने आणला. एका माणसाला मोहऱ्यासारखं वापरलं, दुसऱ्याला कायमचं डांबलं. कानात सांगितल्याने मेलेले परत येत नाहीत. मला फक्त एवढं वाटतं की त्याच्या मनात काय आहे हे विचारायचं असेल तर ते याच फटींमध्ये आहे, आणि दुसरीकडे कुठेही नाही.

मार्क लेडलॉ हे हाफ-लाइफचे मुख्य लेखक. ते २०१६ साली व्हॉल्व्हमधून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी, कधीही न निघालेल्या तिसऱ्या एपिसोडचा आराखडा म्हणता येईल असं एक पत्र लोकांसमोर ठेवलं, पात्रांची नावं बदलून, बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करून. मी ते पुण्यात कंपनीच्या बसमध्ये उभ्याउभ्या वाचलं. तिथेही हा माणूस येतो आणि जातो. कोणासाठी काम करतो ते तिथेही कळत नाही. मला बरं वाटलं. ज्यांनी त्याला लिहिलं, त्यांनीही ती काच तशीच ठेवली होती.

आणि मग २०२०. २३ मार्चला हाफ-लाइफ: ॲलिक्स आला. डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचा, तो माझ्याकडे नव्हता. पाडवा त्या वर्षी २५ मार्चला होता, त्यासाठी मी आधीच कराडला आलो होतो आणि तिथेच अडकलो. आठवड्याभराने एका रात्री मी लॅपटॉपवर कोणीतरी खेळलेला शेवट बघत बसलो.

ही गोष्ट हाफ-लाइफ २च्या पाच वर्षं आधीची आहे. कंबाईनने हवेत एक प्रचंड तिजोरी लटकवून ठेवली आहे, आत कोणीतरी कैदेत आहे. ॲलिक्सला वाटतं तो गॉर्डन फ्रीमन असेल. ती धडपडत आत जाते, तिजोरी फोडते, आणि आतून ब्रीफकेसवाला बाहेर येतो. कंबाईनचा दलाल हा तर्क त्या क्षणी मेला. आपल्याच दलालाला कोणी असं कोंडत नाही. सुटकेच्या बदल्यात तो तिला विचारतो, काय हवं? माझे मालक मला अधूनमधून गोष्टी थोड्याशा ढकलायचा अधिकार देतात, तुला काय ढकलून हवंय? ती म्हणते, कंबाईनला पृथ्वीवरून घालव. तो म्हणतो, ते फार मोठं ढकलणं झालं. माझ्या मालकांचे हितसंबंध बघता, फारच मोठं.

मागून अण्णा कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. त्यांना रात्री झोप लागत नसे. ते चष्मा लावून स्क्रीनकडे वाकले.

“हा कोण?”

“कोणालाच माहीत नाही, अण्णा.”

“कोणाचा माणूस आहे?”

मी व्हिडिओ थांबवला. आणि मग त्यांना सगळं सांगितलं, जसं जमेल तसं. प्रयोगशाळा, स्फटिक, गोठवून ठेवणं, मालक. मला वाटलं होतं ते मध्येच उठून जातील. ते खुर्ची ओढून बसले. मुलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “वरून सांगितलं नव्हतं तरी नेलं?” मी हो म्हटलं. त्यांनी पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला.

आम्ही उरलेला शेवट एकत्र बघितला. जी-मॅन ॲलिक्सला पुढच्या काळातलं तिच्या बापाचं मरण दाखवतो, ते टाळायची संधी देतो, ती टाळते, आणि त्याची किंमत म्हणून तो तिलाच घेऊन जातो, फ्रीमनच्या जागी. बाप वाचतो, लेक जाते. एलाय पहार गॉर्डनच्या हातात देतो आणि पडदा काळा होतो.

अण्णा बराच वेळ गप्प होते. बाहेर रस्ता इतका शांत होता की महामार्गावरून एक गाडी जात नव्हती.

“त्या म्हातारीच्या बांधावर सात आंबे होते,” ते म्हणाले. “पहिल्या मोजणीत पाचच धरले होते. विहीरही कोरडी लिहिली होती. तिला पाणी होतं.”

कोणती म्हातारी, हे मला विचारावं लागलं नाही. वीस-एकवीस वर्षांत त्या दिवसाबद्दल आमच्यात एकदाही बोलणं झालं नव्हतं.

“मग?”

“मग काय. फेरमोजणीचा अर्ज तिच्या मुलाला तिथेच बांधावर बसून लिहून दिला. म्हटलं, उद्याच्या उद्या कचेरीत आणून दे, माझ्या हातात देऊ नको, आवकला दे आणि पोच घे.”

“साहेबांना कळलं नाही? अक्षर तुमचं होतं.”

“कळलं असेल.” ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली. “जमीन तर गेलीच की तिची.”

स्वयंपाकघरात त्यांनी माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. परत जाताना ते माझ्या दाराशी थांबले आणि म्हणाले, त्या माणसाचा आणखी काही भाग असेल तर उद्या लाव, मी दुपारी मोकळा आहे.